दोरवहिनीचे दहा श्वास

विहिरीत उतरणाऱ्या माणसाला आधी मिठी मारायची, छातीला छाती लावून दहा श्वास मोजायचे, आणि मगच त्याला दोरावर सोडायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, कुठल्या साहेबाने काढलेला नाही. तो एका घराचा नियम होता. त्या घरात विहिरींचा गाळ काढण्याचं काम तीन पिढ्या चाललं, आणि तीन पिढ्यांत त्या घरातला एकही माणूस विहिरीत राहिला नाही. आसपासच्या दुसऱ्या टोळ्यांना हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

काम सुरू करायचं ते कंदिलाने. पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडायचा. तो खाली जळत राहिला तर हवा चांगली, विझला तर माणसाने उतरायचं नाही. कंदील विहिरीच्या आतलं सांगतो. माणसाच्या आतलं कोण सांगणार? त्यासाठी मिठी. दोर धरणाऱ्याने उतरणाऱ्याला घट्ट कवेत घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं. छाती धडधडत असेल तर ती बसेपर्यंत थांबायचं. बसलीच नाही तर त्या दिवशी काम बंद. कारण विचारायचं नाही. घरात भांडण झालेलं असो, पोट बिघडलेलं असो, की उगाच मन लागत नसो. विहिरीला कारणं चालत नाहीत.

दोरवहिनी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा नवरा विहिरीत उतरायचा आणि सासरे दोर धरायचे. नवऱ्याला सगळे बेडूकराव म्हणत. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, आणि बोलण्यात कोणाला न हरणारा माणूस. साठ हात खोल तळाशी, गुडघाभर चिखलात उभा राहूनही त्याची बडबड चालायची. विहिरीतून त्याचा आवाज घुमत वर यायचा तेव्हा वाटायचं, विहीरच बोलतेय.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि सासऱ्यांचा खांदा निखळला. पुन्हा बसला, पण दोराचा झटका सोसण्याइतका नाही. घरात धाकटा दीर होता, पण त्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं आणि त्याला अंधाराचं वावडं होतं. सासऱ्यांनी सगळीकडे बघून झालं आणि शेवटी सुनेकडे बघितलं.

"सूनबाई, हात बघू."

तिने हात पुढे केले. त्यांनी तळवे दाबून बघितले, बोटं वाकवून बघितली.

"उद्यापासून तू दोर धर."

"मला भीती वाटते, मामंजी."

"म्हणूनच तुला सांगतोय. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हातात मी माझा मुलगा देणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या विहिरीवर पंचवीसेक माणसं जमली होती. रिकामपण असलं की माणसं विहिरीवर जमतात. सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, तिला नवऱ्याला मिठी मारायची होती. ती मान खाली घालून पुढे गेली आणि खांबाला धरावं तसं तिने त्याला धरलं. मागून कोणीतरी ओरडलंच, "अहो बेडूकराव, विहीर राहू द्या बाजूला, घरी जा!"

हशा पिकला. सासरे कठड्यावर बसले होते. म्हणाले, "हसा. पोटभर हसा. पण मोजणी चालू असताना आवाज नको."

ती कुजबुजली, "मामंजी, ह्यांचं काहीच कळत नाही. माझाच ढोल वाजतोय."

"मग आधी तुझा ढोल थांबव. सावकाश श्वास घे. सावकाश सोड. तो तुझ्या मागे येईल. दोघांचा श्वास एक झाला, तुझं आतलं शांत झालं, की मग जे ऐकू येतं ते त्याचं."

त्या दिवशी तिला अर्धा तास लागला. बेडूकराव मधेच म्हणाला, "बाबा, मला झोप येतेय." पण तो खरंच सैल पडला होता. तीही. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की एवढ्या लोकांत, एवढ्या लाजेत, एवढ्या भीतीत आपले खांदे कानापासून खाली आले कसे.

सासरे गेले. बावीस वर्षं ती दोर धरत राहिली. लोक तिला दोरवहिनी म्हणू लागले आणि मिठीला हसेनासे झाले. भीती मात्र गेली नाही. सकाळी उठून ती उंबऱ्यात बसायची आणि अख्खा दोर बोटांमधून काढायची, लेकीची वेणी घालावी तशी, पेड न् पेड चाचपून. घराच्या दोन खोल्यांत त्या दोराला स्वतःची खुंटी होती. तिच्यावर दुसरं काही टांगायचं नाही. विहिरीवर दोराचे खांबाला दोन वेढे असायचे, माणूस सुटून पडण्याचा प्रश्न नव्हता. तरी दोराचं टोक ती दोन्ही मुठींत धरायची आणि तो वर येईपर्यंत पाणीही प्यायची नाही.

गंमत अशी की ही मिठी फक्त कठड्यापाशी. घरात, उजेडात, त्याने तिला असं कधी कवेत घेतलं नाही, तिनेही घेतलं नाही. तसं ठरवलं नव्हतं. मिठी विहिरीची, असं जणू होऊन गेलं होतं. सकाळी चहावरून भांडण व्हायचं, दोघं एकमेकांशी न बोलता विहिरीपर्यंत चालायची, एक रस्त्याच्या ह्या कडेने, एक त्या. पण कठडा आला की मिठी मारावीच लागायची, आणि दहा श्वास रागाने घेता येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला राग ढिला व्हायचा. तो पुटपुटायचा, "साखर कमी होती हे खरं आहे पण." ती म्हणायची, "मोजू द्या."

पावसाळ्यात विहिरी भरायच्या आणि चार महिने काम नसायचं. त्या चार महिन्यांत तिचं डोकं दुखायचं, झोप तुटायची, बारीकसारीक गोष्टींवरून ती कावायची. तोही घरभर येरझारा घालायचा. काम नाही म्हणून असं होतं, असं दोघं समजायची. दुसरं काही कारण असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग ते वर्ष आलं.

शाळेची विहीर उपसायची होती. जुनी, अरुंद, साठ हातांच्याही खाली गेलेली. पहिल्या सकाळी कंदील तळाशी नीट जळला. ती पुढे झाली, त्याला धरलं, मोजू लागली. एक. दोन. तीन. श्वासाला श्वास मिळाला. सातव्या श्वासाला छातीत ठोके ऐकू येत होते, ठक, ठक, ठक, आणि पुढे काहीच नाही.

जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. मग पुन्हा ठक.

ती मागे सरली.

"काय गं? झाले दहा?"

"झाले," ती म्हणाली.

दहा झाले नव्हते. सात झाले होते. बावीस वर्षांत तिने पहिल्यांदा खोटं मोजलं.

दिवसभर दोर धरून ती एकच विचार करत होती: माझं काळीज बिघडलं. तो ठोका आपला नसेल, ही शंका तिला शिवली नाही. कशी शिवणार? त्या घरात भिणारं माणूस एकच होतं. धडधड तिची, घाम तिचा, वाईटसाईट विचार तिचे. बेडूकराव म्हणजे तर दगडाला पाझर फोडून वर त्याच्याशी गप्पा मारणारा गडी. मग गळालेला ठोका त्याचा कसा असेल?

दुसऱ्या दिवशी पाचव्या श्वासाला ठोका गळला. तिसऱ्या दिवशी दोनदा. तिला नवंच भय लागलं. दोर धरणाऱ्याचं काळीज जर मधेच थांबलं, आणि त्या वेळी तो अर्ध्यावर लटकलेला असला, तर? वेढे धरून ठेवतील, पण ओढणार कोण, इशारा ओळखणार कोण? दोराचा एक हिसका म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे वर घ्या, हे तिच्या तळहाताला कळायचं तसं कोणाला कळणार? आपण मरण्याची तिला एवढी धास्ती नव्हती. आपण मरता मरता त्याला घेऊन जाऊ, ह्याची होती.

चौथा दिवस तिने दात आवळून काढला. पाचव्या दिवशीही मिठीत ती पायरी गळलीच, आणि तिने त्याला सोडलंच. संध्याकाळी हात धुताना तिने ठरवलं की दवाखान्यात जायचं, आणि त्याला कळू द्यायचं नाही.

"उद्या भाऊजी दोर धरतील," ती म्हणाली. "माझी दाढ दुखतेय. दाखवून येते."

"दाढेला काय दाखवायचं? तोंड उघड, दोर आहेच घरात. एक हिसका."

"चेष्टा नको."

"अगं, बावीस वर्षं मला ओढतेस, एकदा मी तुझी दाढ ओढली तर काय बिघडलं?"

दिराला तिने दुकानात गाठून सगळं बजावलं. कंदील, वेढे, इशारे. शेवटी मिठीचं सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"वहिनी, दोर धरीन. मिठीबिठी नको. आम्ही दोघा भावांनी एकमेकांना शेवटचं कवेत धरलं ते मारामारीत. मी आठ वर्षांचा होतो, आणि तो चावला होता."

"नियम आहे, भाऊजी."

"बरं बरं. मारीन."

दवाखान्यात लांब बाक होतं, भिंतीला टेकलेला वजनकाटा होता, आणि आतल्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कानाला नळी लावून बराच वेळ ऐकलं, पुढून, मागून. मग तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली आणि ती टेबलावर पसरून बघितली.

"तुमचं हृदय घड्याळासारखं चाललंय."

"नीट ऐका हो बाई. मधे एक ठोका गळतो."

"कधी जाणवतो?"

"मिठी मारली की."

कोपऱ्यात गोळ्या मोजणाऱ्या कंपाउंडरला खोकला आला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"कोणाला?"

"नवऱ्याला. कामावर. रोज दहा श्वास मारावी लागते." तिने थोडक्यात सगळं सांगितलं.

"एकट्या असताना जाणवतो? पाणी भरताना, चढ चढताना, अंथरुणावर पडल्यावर?"

ती आठवू लागली. पाच दिवस ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसली होती. धडधड होती, भरपूर होती. पण गळालेली पायरी? घरात नाही. रस्त्यात नाही. कधीच नाही.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातली नळी काढून हळूच टेबलावर ठेवली. "मग तो ठोका तुमचा नाही."

आपलं हृदय ठणठणीत आहे हे ऐकून माणूस देवाचे आभार मानतो. दोरवहिनीच्या पायाखालची फरशी गेली. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

"कुठे आहेत ते आता?"

"विहिरीत."

"त्यांना घाबरवू नका. दमवू नका. पायांनी चढू देऊ नका. मी गाडी मागवून मागोमाग येते."

चपला हातात घेऊन ती धावली. दिराचं बंद दुकान मागे पडलं, दाराशी उलटी ठेवलेली सायकल, वाऱ्याने गरगरणारं तिचं चाक. रस्त्याचं काम चालू होतं, तापलेल्या डांबराचा वास नाकात गेला, कोणीतरी ओरडलं, "अहो, पाय भाजतील!" पाच दिवस. पाच दिवस तो ठोका तिच्या छातीवर टकटक करून सांगत होता आणि ती म्हणत होती, माझाच आहे. सात मोजले आणि दहा सांगितले. स्वतःच्या हाताने सोडला त्याला, पाचही दिवस.

शाळेच्या मैदानाच्या टोकाशी विहीर. कप्पीचा कुरकुर आवाज येत होता. दोन गडी गाळाची घमेली वर ओढत होते आणि दीर दोर धरून शीळ घालत होता. तिचा जीव त्या शिळेला लटकला. मग खालून आवाज घुमला, "धाकट्या, शीळ घालतोस की चाकातली हवा सोडतोस?"

जिवंत होता.

"भाऊजी," तिने श्वास गिळत विचारलं, "मिठी मारलीत?"

दीर दुसरीकडे बघू लागला. "खांद्यावर हात ठेवला की चांगला."

"मारलीत का?"

"नाही, वहिनी. मास्तर लोक बघत होते."

तिने दोर हातात घेतला. घसा साफ केला. खाली वाकून बघितलं तर तळाशी कंदिलाचा ठिपका आणि त्याच्या शेजारी चिखलाने माखलेलं डोकं.

"अहो!"

"आलीस? पडली दाढ?"

"वर या."

"अजून वीस घमेली आहेत. झरा मोकळा होतोय बघ, पायाला कसं गार लागतंय..."

"वर या म्हणते ना."

"का? काय झालं?"

इथेच खरा पेच होता. खरं सांगावं तर तो घाबरणार, आणि घाबरला की भिंतीतल्या खोबण्यांत पाय रोवून माकडासारखा सरसर चढणार, जसा रोज अर्धी विहीर चढायचा. नाही सांगावं तर येणार नाही. तिने कठड्याचा दगड घट्ट धरला.

"मिठी न मारता उतरलात. मामंजींचा नियम मोडलात."

खालून हसू आलं. "एवढ्यासाठी? घे, इथूनच मारतो!"

गडी हसले. दीरही हसला, आणि वहिनीचा चेहरा बघून थांबला.

"दोराच्या फळीवर बसा," ती म्हणाली. "कमरेचा पट्टा लावा. पायांनी चढायचं नाही. आज आम्ही ओढणार."

"अगं मी काय पाहुणा आहे, फळीवर बसून यायला?"

"मामंजी वर बसलेत असं समजा. आणि बसा."

बापाचं नाव घेतलं की तो वाद घालत नसे. पट्ट्याचा खटका वाजला. दोराला दोन हिसके बसले. तिने दोन्ही गड्यांना जवळ बोलावलं, दिराला पुढे घेतलं, आणि चौघं ओढू लागले. सावकाश. हातभर, मग थांबा. हातभर, मग थांबा. बेडूकराव खालून बोलत होता. वरात निघाली म्हणाला. कोणीतरी वाजंत्री लावा म्हणाला. त्याचा प्रत्येक शब्द ती तहानलेल्याने पाणी प्यावं तसा घेत होती.

अर्ध्या विहिरीत बोलणं थांबलं.

जागा माणूस आणि भान हरपलेला माणूस दोरावर वेगळे लागतात. जागा माणूस नकळत स्वतःला सावरत असतो, त्याचं वजन जिवंत असतं. तिच्या तळव्यांत ते वजन एकाएकी मुकं झालं. झोपलेल्या पोराला कडेवर घेतल्यावर ते जड लागतं, तसं.

"अहो!"

विहिरीने तिचीच हाक परत दिली.

"ओढा, जोरात!" दीर ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"नाही. होतं तसंच. भिंतीला आपटतील." हे कोण बोललं, असं तिला वाटलं. ती आतून पानासारखी थरथरत होती, पण हात बावीस वर्षांचे होते आणि ते तिचं ऐकत नव्हते, सासऱ्यांचं ऐकत होते. हातभर. थांबा. हातभर. थांबा.

कठड्याच्या खाली चार हातांवर असताना एक बारीक आवाज आला. "डोळ्यांपुढे अंधारी आली गं."

चौघांनी त्याला कठड्यावरून अलगद बाहेर घेतलं. चिखलाखालचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, कपाळावर घामाचे थेंब. तो उठू बघत होता, "काही नाही, ऊन बाधलं असेल," म्हणत होता. साठ हात खोल विहिरीत कुठलं ऊन? तिने त्याला उठू दिलं नाही. जमिनीवर बसली, पाठ कठड्याला लावली, आणि त्याला चिखलासकट छातीशी धरलं.

आधी तिचाच ढोल. नुसता कडकडाट. आधी तुझा ढोल थांबव, सासरे म्हणाले होते. तिने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. आजूबाजूला शाळेच्या खिडक्यांत पोरं उभी होती, मास्तर उभे होते, कोणी चूं करत नव्हतं. हळूहळू तिचं आतलं खाली बसलं. आणि मग ऐकू आलं. ठक. ठक. मोठी पोकळी. ठक.

त्याचाच होता.

"मला भीती वाटतेय गं," तो म्हणाला. बावीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. त्याचे दात वाजत होते.

"मलाही वाटते. रोज वाटते. श्वास घ्या माझ्याबरोबर."

"दहा?"

"मोजू नका. नुसते घ्या."

गाडी येईपर्यंत त्याचे दात वाजायचे थांबले होते. श्वास लागला होता तोही जरा बसला. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यांनी दोघांना तसंच गाडीत घेतलं. सोडवायला कोणी गेलं नाही.

मोठ्या रुग्णालयात त्याच्या गळ्याजवळच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं. हृदयाला हुकूम पोचायचा रस्ता मधे तुटत होता, म्हणून ठोके गळत होते. आता रस्ता तुटला की यंत्र ठोका देणार. चौथ्या दिवशी बेडूकरावाची बडबड परत आली. डॉक्टरीणबाई भेटायला आल्या तेव्हा तो म्हणाला, "खरं सांगा बाई, हिच्या मिठीनेच मी वाचलो ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "वाचवलं यंत्राने. मिठीने हा आजार जात नाही. पण घाबरलेल्या माणसाला जवळच्याने घट्ट धरलं की त्याचं अंग सैल पडतं, श्वास जाग्यावर येतो, भीतीचा ताण उतरतो. त्या वेळी तुम्हाला तेवढं फार होतं. आणि एक मानायला हवं. तुमचा आजार माझ्या नळीआधी पाच दिवस ह्यांना सापडला होता."

त्यांनी कौतुकाने म्हटलं. दोरवहिनीच्या काळजात मात्र ते 'पाच दिवस' काट्यासारखं गेलं. त्या बाहेर गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "पहिल्या दिवशी मी सातच मोजले होते."

त्याने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "तीन बाकी आहेत तर. घरी गेलो की दे."

विहीर सुटली. दोर खुंटीवर राहिला. बेडूकराव आता धाकट्या भावाच्या दुकानात बसतो, पंक्चरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो आणि बुडबुडे शोधतो. गिऱ्हाइकांना म्हणतो, "आता एवढीच विहीर. उतरायला कोणाची परवानगी लागत नाही."

दुकानावर जायचा पहिला दिवस होता. डबा हातात घेऊन तो उंबऱ्यापाशी पोचला, आणि तिचा जीव वर आला. कठडा नाही, कंदील नाही, दोर नाही. हा असाच जाणार, न तपासता. बावीस वर्षांत तिने त्याला असं कुठे पाठवलं नव्हतं. हातातलं भांडं तसंच ठेवून ती पुढे झाली आणि घरात, उजेडात, दार उघडं असताना तिने त्याला धरलं.

तो आधी गडबडला. मग उभा राहिला.

एक. दोन. तीन. ठक, ठक, ठक, ठक. सरळ. एकसारखं. इतकं सरळ की तिचा विश्वास बसेना. ती दहाच्या पुढे गेली. अकरा. बारा.

"काय म्हणतो ढोल?"

"सरळ आहे."

"मग सोड. उशीर होतोय."

"सरळच असणार ना आता." तिचा आवाज त्याच्या खांद्यात दबला होता. "ते यंत्र चुकूच देणार नाही. आत काही बिघडलं तरी बाहेर सरळच वाजणार. मग मला कळणार कसं?"

बेडूकरावाने डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मग मोजू नकोस," तो म्हणाला.

"मग काय करू?"

त्याने वाकून डबा खाली ठेवला. "नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. भीती जिथल्या तिथे होती, रोजच्या जागी. पण श्वासाला श्वास मिळाला होता आणि कोणी आकडे म्हणत नव्हतं. तिकडे दुकानात धाकटा भाऊ पाणी भरलेलं घमेलं समोर घेऊन, हातात ट्यूब धरून, कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसला.